चेहरा सर्वांत शेवटी

शाईकाका माणसाचा चेहरा सर्वांत शेवटी बघायचे. सेंटरमध्ये नवा पेशंट आला की आम्ही बाकीचे आधी त्याच्या तोंडाकडे बघायचो. सूज किती आहे, रंग किती उतरलाय, सोबत आलेलं माणूस मुलगी आहे की सून, असे सगळे अंदाज एका नजरेत बांधून व्हायचे. काका मात्र त्याच्या मानेकडे बघत असायचे. मग कान, मग खांदा, मग ब्लँकेटवर पडलेला हात. समोरचा बोलायला लागला तरी यांची नजर त्याच्या कानाच्या पाळीवरून हलायची नाही. नवख्यांना हा म्हातारा चक्रम वाटे. माझ्या आईला तर पहिल्या दिवशी तो चक्क आगाऊ वाटला होता.

"काय बघताय हो?" तिने विचारलं.

"मान," काका म्हणाले. "चेहरा माणूस घरून तयार करून आणतो बाई. मान कोणी तयार करत नाही."

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. उलट उत्तर ऐकून गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण हातात दोन जाड सुया जाण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. तिने मानेवरून पदर ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

नौपाड्यात साड्यांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर हे डायलिसिस सेंटर होतं. आम्ही दोघी एक दिवसाआड वर्तकनगरहून रिक्षाने यायचो. घरात आम्ही दोघीच होतो आणि माझं माजिवड्याचं ऑफिस त्या तीन दुपारी मला सोडत होतं, एवढं आमचं नशीब. एसीने गारठलेली लांबट खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. चार तास रक्त बाहेर जाऊन धुऊन परत यायचं. गप्पा चालायच्या त्या वजनाच्या, बीपीच्या आणि काय खायचं नाही त्याच्या. कोणाची खुर्ची रिकामी झाली तर त्याच्याबद्दल त्या दिवशी कोणी बोलायचं नाही.

काका डोंबिवलीचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांनी नोकरी केली. पंप, व्हॉल्व्ह आणि गिअर यांच्या आकृत्या काढण्यात उभी हयात गेली. पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा ते निवृत्तीपर्यंत त्याच्याशी शक्यतो न बोलता राहिले. माणसाचं चित्र त्यांनी काढायला घेतलं ते या खुर्चीत आल्यावर. डावा हात मशीनला जोडलेला, उजवा मोकळा आणि समोर हलू न शकणारी माणसं. "असे मॉडेल कुठल्या आर्ट स्कूलला मिळणार?" असं ते म्हणायचे आणि एकटेच हसायचे.

औषधांची रिकामी खोकी उलगडून ते त्यांच्या आतल्या पांढऱ्या बाजूचे तळहाताहून लहान तुकडे कापायचे. त्यावर साध्या शाईपेनाने काढायचं. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. सावलीसाठी मात्र पाणी लागे, आणि पाणी ही तिथली सर्वांत महाग वस्तू. डायलिसिसच्या माणसाने प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात आणि छातीत साठतं, म्हणून दिवसाला एक छोटी बाटली ठरवून दिलेली असते. एप्रिल-मेमध्ये माणसं बर्फाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून पडायची. काका त्याच बाटलीतलं बूचभर पाणी काढायचे, त्यात शाईचा थेंब सोडायचे आणि करंगळी बुडवून कोणाच्या गालाखाली, कोणाच्या डोळ्याखाली हलकेच फिरवायचे.

"स्वतःचा घसा कोरडा आणि शाईला पाणी पाजताय," आई म्हणाली. एव्हाना ती त्यांच्याशी बोलायला लागली होती.

"सावली नसली तर माणूस पुठ्ठ्याचा दिसतो बाई."

"तुम्ही पुठ्ठ्यावरच काढताय."

काकांना हे फार आवडलं. त्यांनी आईचं चित्र काढू का म्हणून लगेच विचारलं. आई म्हणाली, "नको. माझं तोंड मला पाठ आहे."

मला चित्रातलं काही कळत नव्हतं. चित्र म्हणजे भिंतीवर लावायचं, सोफ्याच्या रंगाशी जुळणारं, एवढीच माझी पोच. काकांनी मला ते तुकडे बघायला शिकवलं. लांब धरलेला तुकडा ते माझ्या नाकापर्यंत आणायचे. "अगं, एवढासा कागद आहे. गुपित ऐकल्यासारखं जवळ जायचं." मग मी जवळ जायची. खाडीकडच्या कोळीवाड्यातले नाखवादादा आमच्या समोरच्या खुर्चीवर असायचे. खाडी काळी झाली, मासळी गेली, मग होडी विकून टाकली असे ते गृहस्थ. काकांच्या चित्रात त्यांच्या उजव्या मुठीत ब्लँकेटची कड होती, पण ती मूठ ब्लँकेटवरची नव्हतीच. जाळ्याचा दोर हातातून सुटू नये म्हणून आवळलेली होती. डोळा म्हणजे एक आडवी रेष आणि तिच्याखाली करंगळीचा पुसट डाग. तरी तो डोळा लांब पाण्यावर लागलाय हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

नौपाड्यातलेच आप्पा होते. इस्त्रीचा शर्ट, शुद्ध बोलणं आणि मशीनकडे ढुंकूनही न बघण्याचा त्यांचा बाणा. त्यांच्या चित्रात काकांनी कॉलर नीट, गळ्याचं बटण लावलेली काढली होती, आणि आत मान अशी की कॉलरच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा राहिलेली. त्या जागेत एकही रेष नव्हती. गेल्या दोन वर्षांत आप्पा किती झिजले, ते तेवढ्या कोऱ्या कागदात होतं. प्रणाली सिस्टरला त्यांनी पाठमोरी काढलं होतं, सगळा भार एका पायावर टाकून उभी. दुसरी टाच सँडलमधून जराशी बाहेर आलेली. ती टाच बघून मी तिला पहिल्यांदा विचारलं, की तू सकाळी किती वाजता घरातून निघतेस.

"रेष घाबरली की दिसते," काका म्हणायचे. "आकृती चुकली तर पार्ट बसत नाही, फोरमन वर येऊन शिव्या घालतो. माणसाचं चुकलं तर तक्रार करायला कोणी येत नाही. म्हणून जास्त जपायचं."

मान आधी का, हे त्यांनी एकदा सांगितलं. आईने सहज विचारलं होतं, घरी कोण कोण असतं. मुलगा असतो, सून असते. बायको जाऊन चार वर्षं झाली. तिचा धड फोटो घरात नव्हता, कुठल्याशा लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून मुलाने स्टुडिओत मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने तिला गोरी केली. अंगावर जरीची साडी चढवली, मागे निळं आभाळ दिलं. कानाखाली मानेवर तिचा एक ठसठशीत तीळ होता, तो डाग समजून पुसून टाकला.

"रोज हार घालतो त्या फोटोला," काका म्हणाले. "कोण बाई आहे मला माहीत नाही."

"मग तुम्ही काढा की त्यांचं चित्र," मी म्हटलं.

"बसलो ना. मान आली, कान आला, तीळ बरोबर जागेवर आला. ओट्याशी उभी असायची, मी मागे टेबलावर जेवायला. इतकी वर्षं तिला पाठीमागूनच बघितली बघ. समोर येऊन वाढायची तेव्हा मी पेपर वाचत असायचो." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "पुढे गेलो की सगळं पांढरं. असताना बघायचं राहून गेलं."

तेव्हापासून ते प्रत्येकाला मानेपासून सुरू करत. इतरांच्या चेहऱ्यापर्यंत पोचता येतं, तर एखाद्या दिवशी तिच्याही पोचू, असा त्यांचा हिशेब होता. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात आई बाहेर बघत बसली होती. मी तिच्याकडे बघत होते आणि आपण हिला शेवटचं नीट कधी बघितलं, हे मला आठवत नव्हतं.

पावसाळ्याच्या आधी नाखवादादा गेले. उपचारांचे कागद न्यायला त्यांची बायको सेंटरवर आली आणि काकांसमोर उभी राहिली. "काका, तो तुमी काढलेला फोटू मना द्या. आधारकार्डावं तं ते चोरावानी दिसतान." काकांनी तुकडा दिला. तिने तो कपाळाला लावला, ब्लाउजमध्ये ठेवला आणि गेली. काका त्या दिवशी फार खूश होते.

दोन दिवसांनी आमची रिक्षा कोळीवाड्याच्या नाक्यावरून वळली आणि आईने रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. नाक्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता. तळहाताएवढे नाखवादादा दुमजली झाले होते. शाईच्या रेषा मनगटाएवढ्या जाड, मागे फ्लेक्सवाल्याने पदरचा सूर्यास्त, एक होडी आणि गुलाबाची फुलं टाकलेली. खाली हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग, सगळे सारखेच गुळगुळीत आणि गोरे.

"एवढ्या लोकांत जिवंत तोच एक दिसतोय," आई म्हणाली.

पण सेंटरला येणाऱ्या बऱ्याच जणांची वाट त्याच नाक्यावरून होती. त्यांनीही तो फ्लेक्स बघितला आणि त्यांना त्यात दुसरंच दिसलं. आपल्याकडे एकट्याचा काळा-पांढरा चेहरा चौकटीत गेला, की त्याला हार घालायचा असतो. काकांचे तुकडे आतापर्यंत गंमत होते, आता ते त्या चौकटीचे नमुने झाले. त्यात नातेवाइकांनी भर घातली. बाहेरच्या पॅसेजमध्ये काकांना गाठून एकेक जण हळूच सांगायला लागला, "काका, आमच्या बाबांचं एक काढून ठेवा ना. घाई नाही, पण असू दे." आप्पांच्या मुलाने परदेशातून फोन करून आप्पांच्या चित्राचा फोटो मागवून घेतला. आप्पांना ते कळलं. त्यांनी काकांना शांतपणे विचारलं, "माझी तयारी चाललीय वाटतं?" आणि पुढच्याच आठवड्यात आप्पा गेले.

त्यानंतर कुजबुजीची वाच्यता व्हायला वेळ लागला नाही. ज्याचं काढलं, तो गेला. त्या खोलीत न काढलेले लोकही तितकेच जात होते, पण हे बोलून दाखवण्याची कोणाची इच्छा नव्हती. काकांनी पेन उघडलं की माणसं ब्लँकेट नाकापर्यंत ओढून घ्यायची. शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बाई असायची, तिचा नवरा एक दिवस काकांच्या अंगावरच आला. "ओ अंकल, इधर नहीं हां. बायकोकडे बघायचं नाय आपल्या. ते पेन आत टाका आधी." काकांनी तिला बघितलंही नव्हतं, ते टीव्हीच्या वायरीकडे बघत होते. पण त्यांनी पेन बंद केलं.

पुढच्या वेळी प्रणाली सिस्टर त्यांच्या खुर्चीपाशी बसली. "काका, प्लीज आता नका काढू. तक्रारी आल्यात. मला बोलणी बसतात वरून."

"बरं," काका म्हणाले. तिला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी तिच्याकडे एक लिमलेटची गोळी मागितली.

मग काका छताकडे बघत पडायला लागले. बाटलीतलं पाणी सगळं प्यायचे, बूच कोरडं. आणि एक दिवस ते आलेच नाहीत. डायलिसिस चुकवणं म्हणजे काय, हे त्या खोलीत लहान मुलालाही माहीत असतं. सिस्टरने घरी फोन केला तर मुलगा म्हणाला, बाबा ऐकत नाहीत, आम्ही काय उचलून आणायचं का. त्यानंतरच्या वेळी ते आले, पण दोन जिने चढल्यासारखी धाप लागलेली, पाय सुजून चपलेत मावत नव्हते. आईने मशीन सुरू होऊ दिलं, मग विचारलं, "गेल्या वेळी कुठे होतात?"

"घरी. इथे येऊन काय करायचं बाई? छत बघायचं?"

"जगायचं."

"ते झालं की करून."

आई वर्गात वापरायची त्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी पेन घेऊन या. माझं काढा."

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. खरं सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आमच्या घरात गंडा नाही, ताईत नाही, कोणाची दृष्ट काढलेली नाही. तरी त्या संध्याकाळी रिक्षात मी तिला म्हटलं, "आई, कशाला गं उगाच?"

"तू मानतेस हे?"

"नाही मानत."

"मग?"

"मग काही नाही."

"लहानपणापासून तुला बुद्धवंदना शिकवली, ती या असल्याला घाबरायला नाही," आई म्हणाली. मग जरा मऊ होऊन, "तो माणूस मरायला बसलाय. मला दुसरं काही देता येत नाही त्याला."

सिस्टर अडवायला आली, तर आईने तिला सरळ सांगितलं, "तोंड माझं, परवानगी माझी. वर जे कोण असतील त्यांना माझ्याकडे पाठव." सिस्टरने कोणालाही पाठवलं नाही. तिने आईच्या आणि बाकीच्यांच्या मध्ये हिरवा पडदा ओढला आणि ती निघून गेली. काकांनी पेन उघडलं. त्यांनी बाटली उघडली, तर आईने आपल्या बाटलीचं बूच भरून माझ्याकडे दिलं. "त्यांना दे. माझ्या चित्राला माझं पाणी."

मी ते बूच न सांडता दोन खुर्च्यांमधून नेलं. आयुष्यात मी काही इतकं जपून नेलेलं मला आठवत नाही.

त्या दिवशी मान झाली. पुढच्या खेपेला कान, आणि कानातलं ते जुनं सोन्याचं फूल. मग सैल पडलेला अंबाडा, मग खांदा, मग चिकटपट्ट्या लावलेला हात, बोटं अशी की आत्ता खडू उचलतील. हनुवटीखालच्या सावलीला तर ते कितीतरी दिवस बसले. एरवी एका बैठकीत चित्र उरकणारा हा माणूस आता एका खेपेला दोन-तीन रेषा ओढायचा आणि पेन बंद करायचा. आई दर वेळी बूचभर पाणी द्यायची आणि दर वेळी विचारायची, "चेहरा?"

"पुढच्या खेपेला."

असे पावसाळ्याचे महिने गेले. काकांनी एकही खाडा केला नाही. पायांची सूज उतरली, हसणं परत आलं. शेजारच्या बाईचा नवरासुद्धा येता-जाता पडद्याआड डोकावून "झालं का?" विचारायला लागला. सगळ्यांना चित्र बघायचं होतं आणि कोणालाच ते पूर्ण व्हायला नको होतं. मलाही नको होतं.

एक दिवस आई म्हणाली, "काका, तुम्ही घाबरलात."

"हो," काका म्हणाले. "रेष घाबरली की दिसते. म्हणून काढत नाही."

"मला काही होणार नाही."

"ते मला पण माहीत आहे बाई. पण चेहरा राहिलाय म्हणून मी रिक्षा पकडून स्टेशनवर जातो, जिने चढतो, इथे येतो. झाला की परत छतच ना."

आईने फक्त बूच भरलं.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. रविवार धरून पडणारी सुट्टी आमच्या लोकांना जड जाते. पहाटे झोपेतच, असं सिस्टरने सांगितलं आणि ती खुर्चीवरची चादर बदलायला लागली. चादर नीट ओढून झाली तरी ती पुन्हा पुन्हा ओढत होती. आईने त्या दिवशी पाणी प्यायलं नाही. बूच भरून मशीनवर ठेवलं, ते जाताना तसंच राहिलं.

पंधरवड्याने त्यांचा मुलगा सेंटरवर आला. तोही चाळिशीचा, दमलेला माणूस. मेडिकलच्या दुकानाच्या पिशवीत सगळे तुकडे घेऊन आला होता. "बाबा म्हणायचे, इथल्या बाईंचं एक आहे, त्यांना द्यायचं. पण मला ओळखू येईना. बिनचेहऱ्याच्या बऱ्याच आहेत."

आईने पिशवी मांडीवर घेतली आणि एका हाताने तुकडे चाळायला लागली. तिचं चित्र मी तिच्या आधी ओळखलं. चेहऱ्याच्या जागी कोरा पुठ्ठा, आणि तरी ती आईच होती. मान जराशी पुढे, मागच्या बाकावर कोण बोलतंय ते ऐकणारी. बाकीचे बिनचेहऱ्याचे तुकडे एकाच बाईचे होते. बारीक मान, कान, घट्ट वेणीची सुरुवात, आणि पुढे काही नाही. तशी ती पुन्हा पुन्हा काढलेली.

"या कोण?" मुलाने विचारलं. "बाबांनी कधी सांगितलं नाही."

आईने एक तुकडा त्याच्या हातात दिला आणि कानाखालच्या बारीकशा ठिपक्यावर बोट ठेवलं. "जवळ धर," ती म्हणाली.

त्याने नाकापर्यंत नेला. मग तो आमच्या समोरच्या स्टुलावर बसला आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. "हा तीळ मी विसरलो होतो," एवढंच तो म्हणाला. पडदा अजून तिथेच होता, सिस्टरने तो ओढून घेतला.

आईचं चित्र आम्ही घरी आणलं आणि चौकटीत न घालता पुस्तकांच्या फळीवर टेकवून ठेवलं. सेंटरमध्ये लोक म्हणायचे, चेहरा राहिला म्हणून बाई वाचल्या. आई म्हणायची, "माझं तोंड बंद करायला त्याला जमलं नाही, एवढंच." आणि मी त्या वर्षात एक गोष्ट केली. तिला बघितलं. ओट्याशी उभी असताना, औषधं गिळताना, माझ्यावर चिडून मग चष्मा पुसताना. ती विचारायची, काय बघतेस गं, आणि मी म्हणायची, मान.

पुढच्या थंडीत आई गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा म्हणून मी स्टुडिओत गेले. "ताई, डोळ्याखालचं काळं काढून देतो, जरा उजळ पण करतो," स्टुडिओवाला म्हणाला. नको म्हणून सांगितलं होतं, पण त्याच्या हाताला सवय लागलेली. गोरी, गुळगुळीत, तकतकीत अशी कोणी बाई चौकटीतून घरी आली. वंदना झाली, नातेवाइकांनी तिला फुलं वाहिली. फोटो छान आला म्हणाले. प्रणाली सिस्टर ड्युटी करून थेट आली होती. तिनेही फोटोला फुलं वाहिली, हात जोडले, आणि पाणी प्यायला आत येताना तिची नजर फळीवर गेली. हनुवटीखाली आईच्याच पाण्याची सावली असलेला तो तळहाताएवढा पुठ्ठा बघून ती दाराला धरून रडायला लागली. "बाई," ती म्हणाली. "अगं, ह्या बाई."

सगळे गेल्यावर मी जमिनीवर, भिंतीला टेकून बसले. आईला आठवायला मला भीती वाटत होती. पुढे सगळं पांढरं असेल तर काय, असं वाटत होतं. मग मी डोळे मिटले. आधी मान दिसली, मग कान आणि कानातलं फूल, मग अंबाडा, खांदा, खडू उचलणारी बोटं. मी घाई केली नाही. सर्वांत शेवटी चेहरा आला, आणि तो पूर्ण होता.